आपल्या पैशानं युरोप
(मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



'कमी खर्चात युरोप' या विषयावर मी बोलणार असं ठरलं, तेव्हा आपल्यातल्या दोघीतिघींनी नाकं मुरडली. जिथे आपण पोटगीवर आणि घरकामगारांच्या मजुरीवर बोलतो, तिथे आता आयफेल टॉवर? प्रश्न रास्त आहे. कितीही काटकसर केली तरी तीन आठवड्यांच्या युरोपला, विमानाचं तिकीट धरून, माणशी दोन-सव्वादोन लाख लागतात. महिनाअखेरीला उसनवारी करणाऱ्या बाईला हे भाषण ऐकवण्यात अर्थ नाही, हे मला कळतं. पण आपल्या गटात शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, बँकेतून निवृत्त झालेल्या आहेत. त्यांच्या फंडाचे पैसे येतात तेव्हा त्यावर पहिला हक्क मुलाच्या फ्लॅटचा, दुसरा नातवाच्या फीचा. आणि उरले तर 'अहो, आपण दोघं टूरनं जाऊन येऊ.' त्या टूरमध्ये बाई औषधांची पिशवी आणि चिवड्याचे डबे सांभाळत दहा दिवसांत सात देश बघते. सकाळी किती वाजता उठायचं हेसुद्धा दुसरंच कुणी ठरवतं. म्हणून खर्चाच्या या गोष्टी आपल्या सभेत सांगाव्यात असं मला वाटलं.

सुरुवात पासपोर्टपासून. सज्ञान बाईला पासपोर्ट काढायला नवऱ्याची, बापाची, कुणाचीही परवानगी लागत नाही. २०१६ सालच्या डिसेंबरात नियम आणखी सोपे झाले. तेव्हापासून विवाहाचा दाखला जोडावा लागत नाही, घटस्फोटितेला नवऱ्याचं नाव द्यावं लागत नाही, मुलाच्या पासपोर्टवर एकट्या आईचं नाव चालतं. लग्नानंतर नाव बदललं नसेल तर माहेरच्याच नावानं पासपोर्ट मिळतो. आमच्यातल्या एकीला एका एजंटानं 'मिस्टरांचं संमतिपत्र आणा' असं बजावलं होतं. तिनं शांतपणे 'कोणत्या कलमाखाली?' असं विचारलं. कलम काही निघालं नाही.

व्हिसाची गोष्ट मात्र निराळी. युरोपातल्या २९ देशांचा मिळून एक शेंगेन व्हिसा असतो. त्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत. त्यांचे व्हिसे वेगळे, त्यांची फीही वेगळी, म्हणून पहिल्या खेपेला लंडनचा मोह सोडा. शेंगेनची फी २०२४ च्या जूनपासून ९० युरो आहे, वर अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार. एक युरो म्हणजे शंभर रुपयांच्या वर. व्हिसा नाकारला तर ही फी परत मिळत नाही. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द न होणारं कोणतंही बुकिंग करू नका. आणि हे सगळं एजंटाशिवाय करता येतं. आम्ही चौघींनी एका रविवारी चहा पीत चारी अर्ज भरले.

आता त्या अर्जातला एक रकाना बघा. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च कोण करणार, अर्जदार स्वतः की दुसरं कुणी? त्याच्या आधी व्यवसाय लिहायचा असतो. तिथे 'गृहिणी' लिहिलं की पुढच्या रकान्यात आपोआप नवऱ्याचं नाव येतं. त्याची बँकेची पासबुकं, त्याची आयकराची विवरणपत्रं, त्याचं पत्र. तीस वर्षं घर चालवलेल्या बाईच्या कष्टाचा या कागदांवर शून्य हिशेब असतो. युरोपातल्या वकिलातीला तो शून्य दिसतो, आपल्या घरात तो झाकला जातो, एवढाच फरक. म्हणून माझा पहिला सल्ला तिकिटाचा नाही, खात्याचा आहे. जायच्या दोन वर्षं आधी स्वतःच्या एकटीच्या नावावर खातं उघडा आणि दरमहा जमेल ती रक्कम आवर्ती ठेवीत टाका. शिकवण्या, शिवणकाम, डबे, भाडं, जे काही उत्पन्न असेल ते त्याच खात्यात येऊ द्या आणि कर लागत नसला तरी विवरणपत्र भरा. ऐन अर्जाच्या आठवड्यात कुणाकडून तरी मोठी रक्कम घेऊन खात्यात भरली, तर ती तिथल्या अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. नियमित, थोडे थोडे साठलेले पैसे जास्त पटतात. १८८३ साली पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला निघाल्या, तेव्हा 'स्त्रीधर्मनीति' या त्यांच्या पुस्तकाच्या विक्रीचे पैसे प्रवासाला कामी आले होते. बाईनं आपल्या कमाईवर समुद्र ओलांडणं आपल्याकडे नवं नाही.

केव्हा जायचं? जुलै-ऑगस्टमध्ये युरोपातल्या शाळांना सुट्ट्या असतात, सगळं महाग आणि गर्दी. एप्रिल-मे चांगला, त्याहून चांगला सप्टेंबर-ऑक्टोबर. आता सप्टेंबर म्हटलं की तुमच्या मनात काय आलं ते मला माहीत आहे. गौरी! गौरी-गणपती, मग पितरं, मग नवरात्र, मग दिवाळीचा फराळ. तिकडे जे दिवस स्वस्त, नेमके त्या दिवसांत इकडे बाईची गैरहजेरी सगळ्यांत महाग. आम्ही पितृपक्षात निघालो. 'या दिवसांत कुणी प्रवासाला निघतं का?' असं दोन सासवांनी विचारलं. मुंबईचा विमानतळ मात्र त्या दिवशीही भरलेलाच होता.

कुठे जायचं यावरही खर्च ठरतो. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे खिसा रिकामा करतात. पोलंड, चेक प्रजासत्ताक, हंगेरी, पोर्तुगाल, ग्रीस यांत तेवढ्याच पैशात जास्त दिवस निघतात. देश कमी घ्या, मुक्काम लांब करा. रोज गाव बदललं की भाडं वाढतं आणि पाय सुजतात.

राहायला होस्टेल. नावात 'युवक' असलं तरी घाबरू नका, बहुतेक ठिकाणी साठीच्या बाईलाही कुणी अडवत नाही, पण आरक्षणापूर्वी वयाची अट वाचून घ्या. ही कल्पना जर्मनीतल्या एका शाळामास्तरांची, रिचर्ड शिरमान यांची. आल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात १९१२ साली त्यांनी मुलांसाठी कायमचं वसतिगृह सुरू केलं. आज मोठ्या शहरांत एका खाटेला साधारण २५ ते ४५ युरो पडतात, पूर्वेकडे त्याहून कमी. फक्त बायकांची खोली मागून घ्या, बहुतेक ठिकाणी असते. सामानाच्या कपाटासाठी कुलूप आपलंच न्यायचं. वरची खाट नको असेल तर आधीच कळवायचं, गुडघे आपले आहेत. शहराचा मुक्काम-कर बऱ्याचदा वेगळा भरावा लागतो, तो हिशेबात धरा. आणि आणखी एक बघा. सकाळी दहाला आपण फिरायला निघतो तेव्हा चादरी बदलायला येतात त्याही बायकाच, बऱ्याचदा दुसऱ्या देशातून पोटासाठी आलेल्या. आमची खाट स्वस्त का पडते, याचं थोडं उत्तर तिथे असतं. आम्ही खोली नीट आवरून ठेवत होतो आणि शक्य तिथे त्यांच्याशी बोलत होतो.

स्वयंपाकघर असलेलं होस्टेल निवडलं की जेवणाचा खर्च निम्म्यावर येतो. भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा न्या. तूप, पेढे, खवा मात्र नेऊ नका, दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणायला बंदी आहे. कढीपत्ताही नको. पण एक ठरवूनच टाका. चौघींत पाळी लावायची, आणि कंटाळा आला की ब्रेड, चीज, टोमॅटो. युरोपात जाऊन चौघींसाठी रोज एकीनंच पोळ्या लाटायच्या असतील तर पुण्यातच राहिलेलं बरं.

गाडीचं बघू. पर्यटकांसाठी युरेल पास असतो, तो घेण्याआधी सुट्या तिकिटांची बेरीज करून पाहा. दोन-तीन देशच करणार असाल तर सुटी तिकिटं, लवकर काढली तर, बरेचदा स्वस्त पडतात. फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे लागतात. जर्मनीत महिनाभर राहणार असाल तर 'डॉइचलँड-टिकेट' घ्या. २०२६ च्या जानेवारीपासून ते ६३ युरोंना आहे. देशभरच्या साध्या गाड्या, बस, ट्राम त्यावर चालतात, अतिवेगवान गाड्या नाहीत. ते दरमहा आपोआप पुढे सुरू राहतं, म्हणून त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करायचं. लक्झेंबर्गमध्ये तर १ मार्च २०२० पासून देशभरची सार्वजनिक वाहनं फुकट आहेत, तुम्हाआम्हालाही. स्वस्त विमानांच्या जाहिरातींना भुलण्याआधी विमानतळ कुठे आहे ते नकाशावर बघा. 'पॅरिस' म्हणून जिथे उतरवतात ते बोव्हे पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे, आणि हातातल्या लहान पिशवीपलीकडे सामान असलं की त्याचे पैसे वेगळे.

रात्रीच्या गाडीनं एका रात्रीचं भाडं वाचतं. ऑस्ट्रियाच्या रेल्वेच्या नाईटजेट गाड्यांत बायकांसाठी राखीव कप्पा मिळतो. व्हिएन्नाहून रोमला जाताना आम्ही तोच घेतला. आपल्याला लोकलच्या लेडीज डब्याची सवय, त्यामुळे आत शिरताच घरी आल्यासारखं वाटलं. फरक एवढाच की कुणी भाजी निवडत नव्हतं.

सुरक्षिततेबद्दल सगळ्या विचारतात. रात्री उशिरा आम्ही ट्रामनं फिरलो, कुणी वाटेला गेलं नाही. तिथे बाईवर अत्याचार होत नाहीत असं मात्र समजू नका, आपल्यासारख्याच संघटना तिथेही कामाला लागलेल्या आहेत. प्रवाशाला जास्त भीती खिसेकापूंची. पॅरिसची मेट्रो, रोमचं स्टेशन, बार्सिलोनातले गर्दीचे रस्ते इथे पर्स पुढे धरा. पासपोर्ट आणि अर्धे पैसे कपड्यांच्या आत. संपूर्ण युरोपीय संघात तातडीचा नंबर ११२. कार्डानं पैसे देताना यंत्रानं 'रुपयांत घेऊ का?' विचारलं तर नको म्हणा, स्थानिक चलनच निवडा, नाहीतर दर वाईट लागतो.

आता सगळ्यांत अडचणीचा विषय, लघवीचा. युरोपात सार्वजनिक स्वच्छतागृहाला बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक युरो पडतो. दिवसातून चार वेळा म्हणजे तीन-चारशे रुपये! पुरुषांना ॲमस्टरडॅमच्या रस्त्यावर फुकट मुताऱ्या आहेत, बायकांना नाहीत. २०१५ साली तिथे गेर्टे पीनिंग या तरुणीला रात्री उघड्यावर बसल्याबद्दल दंड झाला. ती न्यायालयात गेली. २०१७ साली न्यायाधीशांनी सांगितलं की तिनं पुरुषांची मुतारी वापरायला हवी होती. यावर डच बायका रस्त्यावर उतरल्या. २०२४ साली शहरानं नव्या स्वच्छतागृहांसाठी चाळीस लाख युरो देण्याचं ठरवलं. आपल्याकडे मुंबईतल्या बायकांनी २०११ साली 'राईट टू पी' ही मोहीम सुरू केली, तिच्याशी हे किती जुळतं बघा. तोवर उपाय असा : संग्रहालयात आणि ग्रंथालयात जाऊन घ्यायचं, सुटी नाणी जवळ ठेवायची, आणि पाणी पिणं सोडायचं नाही. पाणी विकत घेऊ नका. रोमच्या रस्त्यांवर दोन हजारांहून जास्त नळ अखंड वाहत असतात, व्हिएन्नाच्या नळाला तर डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं.

संग्रहालयांचं थोडक्यात सांगते. इटलीतली सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट. माद्रिदचं प्रादो रोज संध्याकाळी शेवटचे दोन तास फुकट. पॅरिसच्या लूव्रनं मात्र २०२६ च्या जानेवारीपासून युरोपाबाहेरच्यांना तिकीट ३२ युरो केलं आहे. मोनालिसासाठी तेवढे द्यायचे का, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी दिले नाहीत.

मी त्यापेक्षा बेल्जियममधल्या ब्रूजला गेले. तिथे १२४५ सालापासूनचा बेगिनाज आहे. मध्ये झाडांचं अंगण, भोवती पांढरी घरं. अंगणात जायला पैसे लागत नाहीत. बेगीन म्हणजे लग्न न करता, पण जन्मभराचं व्रत न घेता एकत्र राहणाऱ्या बायका. कापड, शिकवणं, शुश्रूषा यांवर त्या स्वतःचं पोट भरत, आणि कंटाळा आला किंवा लग्न करावंसं वाटलं तर निघून जाऊ शकत. त्याच तेराव्या शतकात आपल्याकडे महदंबा धवळे रचत होती. चर्चला या बायका खुपल्या. त्यांच्यातली मानली जाणारी मार्गरेट पोरेत ही लेखिका, तिला १३१० साली पॅरिसमध्ये जिवंत जाळलं. तरी ही वस्ती टिकली. जगातली शेवटची बेगीन २०१३ साली बेल्जियममध्येच वारली. त्या अंगणातल्या बाकावर आम्ही दोन तास बसलो होतो, डब्यातली थालिपीठं खात. कुठल्याही टूरनं आम्हाला तिथे दोन तास बसू दिलं नसतं.

कोपनहेगन महाग आहे, तरी एक दिवस काढा. याग्टवाय रस्त्यावर ६९ नंबरला कामगारांचं सभागृह होतं. तिथे १९१० साली भरलेल्या समाजवादी स्त्रियांच्या परिषदेत क्लारा झेटकिन आणि त्यांच्या सहकारी मैत्रिणींनी दरवर्षी स्त्रियांचा एक दिवस पाळावा असा ठराव मांडला. आपला ८ मार्च तिथून आला. इमारत २००७ साली पाडली गेली. जागा मात्र पाहून या.

माझं सांगून झालं. ज्यांच्याकडे पासपोर्ट नाही त्यांनी चहानंतर थांबा, आजच ऑनलाइन अर्ज भरू. येताना आधारकार्ड आणि जन्मतारखेचा दाखला आणायला सांगितलं होतं. ज्यांच्या एकटीच्या नावावर खातं नाही, त्यांची वेगळी यादी करायची आहे. ती मला लांब होईल असं वाटतंय, तेव्हा कागद मोठा घ्या.