कचरा, रसायनशास्त्र आणि आपण

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘रसायनशास्त्र आणि टाकाऊ वस्तूंचे पुनर्चक्रण’ या विषयावर बोलावे, असे संस्थेने आम्हाला सुचविले. निमंत्रण घेऊन आलेल्या कार्यकर्त्याने आम्हाला विचारले, “सर, यात रसायनशास्त्र कुठे आले? भंगारवाल्याला माल द्यायचा आणि चार पैसे घ्यायचे, एवढेच ना?” प्रश्न रास्त होता. आजचे आमचे बोलणे म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले उत्तरच आहे, असे समजावे.

जमिनीतून कच्चा माल काढायचा, वस्तू बनवायची, वापरायची आणि फेकून द्यायची, अशी आजची सरळ रेषेतील रीत आहे. ही रेषा वळवून तिचे वर्तुळ करायचे, म्हणजे वापरलेल्या वस्तूतूनच पुढच्या वस्तूचा कच्चा माल मिळवायचा, याला चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात. ऐकायला हे सोपे वाटते. शाळेत आपण द्रव्य अक्षय्यतेचा नियम शिकतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए याने अठराव्या शतकाच्या अखेरीस तो तराजूने सिद्ध करून दाखविला. द्रव्य निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही. मग टाकलेली वस्तू जाते कुठे? कुठेच नाही. ती दुसऱ्या कोणाच्या तरी दारात, नाल्यात, हवेत किंवा शरीरात असते.

मग अडचण कोठे आहे? अडचण मिसळण्यात आहे. वाळूत मीठ मिसळायला क्षणही लागत नाही, परंतु वेगळे करायचे तर पाणी घाला, गाळा, आटवा. त्याला वेळ लागतो, इंधन लागते, कष्ट लागतात. मिसळणे आपोआप होते, वेगळे करणे आपोआप होत नाही. त्याची किंमत कोणाला तरी मोजावीच लागते. ही किंमत कोण मोजतो, हा आमच्या आजच्या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा आहे.

बादलीतला प्रयोग

या टेबलावर आम्ही पाण्याची एक बादली ठेवली आहे. ही थंड पेयाची रिकामी बाटली. तिचे तुकडे आणि तिच्या झाकणाचे तुकडे आम्ही पाण्यात टाकतो. पाहा, बाटलीचे तुकडे तळाशी गेले आणि झाकणाचे वर तरंगत राहिले. बाटली पीईटी नावाच्या प्लॅस्टिकची आहे. तिची घनता सुमारे 1.38, म्हणजे पाण्यापेक्षा जास्त. झाकण पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असते, त्याची घनता 0.90 ते 0.96 च्या दरम्यान, म्हणजे पाण्यापेक्षा कमी. पाण्यात भरपूर मीठ विरघळविले की साध्या पाण्यात बुडणारे पॉलिस्टायरीनही वर येते, पीईटी मात्र खालीच राहते. आपण ज्याला सरसकट ‘प्लॅस्टिक’ म्हणतो ती निरनिराळी रसायने आहेत आणि त्यांना वेगळे करण्याचे साधे साधन तुमच्या न्हाणीघरात आहे. घरी जाऊन हा प्रयोग जरूर करून पाहावा.

आता याच प्रयोगाची मर्यादा पाहा. पीव्हीसी नावाचे प्लॅस्टिकही पाण्यात बुडते आणि पीईटीच्या शेजारी तळाशी जाऊन बसते. या दोघांना पाणी वेगळे करू शकत नाही. पीईटी वितळवायला सुमारे 250 अंश सेल्सिअस तापमान लागते. तेथवर पोहोचेपर्यंत पीव्हीसी विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड वायू सोडते आणि तो पीईटीच्या लांब साखळ्या तोडतो. पीव्हीसीचे थोडेसे तुकडेही ढीगभर चांगला माल पिवळा आणि ठिसूळ करून टाकतात. भंगाराच्या धंद्यातले जाणकार कामगार तुकड्याचे टोक जाळून वासावरून प्लॅस्टिक ओळखतात. त्यांचे ज्ञान खरे आहे, पण ज्या नाकाने पीव्हीसी ओळखले, त्याच नाकात तो आम्लवायूही जातो. मोठ्या कारखान्यात हेच काम अवरक्त किरणांचे यंत्र करते. काम एकच, किंमत मोजणारा मात्र वेगळा.

पायरी उतरणे आणि पायरी चढणे

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कौशांबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. एवढ्या वस्त्रांचे आपण काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्खूंना देऊ, असे आनंद म्हणाले. जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरणे करू. जुन्या पांघरणांचे? गादीची खोळ. पुढे जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग धूळ झटकण्याचे फडके आणि शेवटी ते फडके कुटून, चिखलात कालवून जमीन सारवण्यासाठी. राजाचे समाधान झाले.

यात काटकसर तर आहेच, पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट टिपावी. येथे वस्तू प्रत्येक वेळी एक पायरी खाली उतरते. आजही बहुतेक पुनर्चक्रण असेच चालते. कागदाचा लगदा करून पुन्हा कागद करता येतो, परंतु सेल्युलोजचे तंतू दर खेपेस तुटून आखूड होतात आणि साधारण पाच-सात खेपांनंतर त्यांचा कागद धरत नाही. बाटली वितळवून तिचे तंतू काढतात, त्यांचे कापड होते किंवा उशीत भरतात, पण त्या उशीची पुन्हा बाटली सहसा होत नाही.

पायरी चढून मूळ जागी जाता येईल काय? येथे रसायनशास्त्र मदतीला येते. पीईटी हे बहुवारिक टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल या दोन लहान रेणूंना एकापाठोपाठ एक गुंफून बनते. हे बंध जुळताना पाणी बाहेर पडते. म्हणजेच योग्य परिस्थितीत पाणी परत दिले की बंध सुटतात आणि मूळ रेणू हाती येतात. पाण्याऐवजी मिथेनॉल किंवा ग्लायकॉल वापरूनही साखळी उसवता येते. ते रेणू शुद्ध करून नव्यासारखी बाटली बनविता येते. 2016 साली जपानी शास्त्रज्ञांनी साकाई येथे सापडलेल्या एका जीवाणूविषयी माहिती प्रसिद्ध केली. हा जीवाणू आपल्या विकरांच्या साहाय्याने पीईटी पचवितो. 2020 साली फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी दुसरे एक विकर सुधारून, आधी प्रक्रिया करून बारीक केलेल्या पीईटीचे 90 टक्के विघटन 10 तासांत करून दाखविले.

मात्र सर्व प्लॅस्टिक इतके समजूतदार नाही. पॉलिथिनच्या पिशवीत कार्बनला कार्बन जोडलेला असतो. पाणी शिरेल असा सांधाच त्यात नसतो. ती साखळी तोडायला प्रखर उष्णता लागते आणि हाती मूळ रेणूऐवजी अनेक द्रव्यांचे मिश्रण येते. वेफर्सच्या पुड्यात तर प्लॅस्टिकचे थर आणि ॲल्युमिनियमचा मुलामा एकमेकांना चिकटविलेले असतात. हे बनवितानाच वेगळे करण्याचा विचार केलेला नाही. 1998 साली अनास्तास आणि वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची 12 तत्त्वे मांडली. त्यातले पहिलेच तत्त्व असे की, कचरा झाल्यावर त्यावर उपाय करण्यापेक्षा तो होऊच न देणे बरे.

धातूंची गोष्ट वेगळी आहे. अणू झिजत नाही. ॲल्युमिनियम खनिजापासून काढायला विद्युत अपघटन करावे लागते, त्याला प्रचंड वीज लागते. जुने ॲल्युमिनियम वितळविण्यास त्या ऊर्जेच्या सुमारे 5 टक्केच ऊर्जा पुरते. म्हणून फुटक्या पातेल्यालाही भंगारात मोल मिळते.

शिशाची भट्टी

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय स्वीकारला तिच्याकडे वळतो. आमच्या लहानपणी वस्तीच्या कडेला, नाल्याजवळ एक जण जुन्या बॅटऱ्या फोडीत असे. आतले आम्ल तो नाल्यात ओतून देई. पत्रे कढईत घालून कोळशावर वितळवी. चांदीसारखे चकाकणारे शिसे साच्यात पडताना पाहायला आम्ही मुले गोल करून बसत असू. त्याची स्वतःची लेकरेही त्यात असत. कोणी आम्हाला हाकलले नाही, कारण त्यात धोका आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. आम्ही पुढे रसायनशास्त्र शिकलो, तेव्हा आपण काय हुंगीत होतो ते कळले.

वाहनाच्या बॅटरीत वजनाने निम्म्याहून अधिक शिसे आणि शिशाची संयुगे असतात, सोबत गंधकाम्ल आणि पॉलिप्रॉपिलीनचा डबा. चांगल्या कारखान्यात ती बंद यंत्रात फोडतात. मग आपला मघाचा बादलीतला प्रयोगच होतो. डब्याचे तुकडे तरंगतात, शिसे बुडते. आम्ल उदासीन करतात. पत्र्यावरच्या लेपात शिशाचे सल्फेट असते. त्यावर धुण्याच्या सोड्याची क्रिया करून कार्बोनेट बनवितात, म्हणजे पुढे भट्टीतून गंधकाचा विषारी वायू निघत नाही. नंतर कोळशाने क्षपण करून शिसे मिळवितात आणि धुराडे गाळणीतून सोडतात. त्या शिशाची पुन्हा बॅटरी होते, कितीही वेळा. वर्तुळ पूर्ण होण्याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

आणि तीच वस्तू उघड्या कढईत टाकली की तिच्याइतके वाईट उदाहरणही नाही. शिशाची वाफ आणि धूळ हवेत जाते, जमिनीवर बसते, मुलांच्या हातांवरून तोंडात जाते. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठविते. वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. मूल वरून धडधाकट दिसते, पण अभ्यासात मागे पडते. मग आपण म्हणतो, पोराला डोके नाही! जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातील शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या 2020 च्या अहवालानुसार जगातील सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे होते. आपल्या देशात 2000 साली पेट्रोलमधून शिसे हद्दपार झाले. बॅटऱ्यांसाठी 2001 साली नियम आले, 2022 साली नवे नियम येऊन उत्पादकावर जबाबदारी टाकण्यात आली. तरीही उघड्या भट्ट्या विझलेल्या नाहीत, कारण तेथे बॅटरीला रोख भाव मिळतो. गाळणीचा खर्च त्या भट्टीवाल्याला नसतो. तो खर्च त्याच्या लेकरांच्या रक्तात जमा होतो.

वेगळे करणारे हात

बंधू-भगिनींनो, रसायनशास्त्र कितीही पुढे गेले तरी त्याला वेगळा केलेला माल लागतो. तो वेगळा कोण करते? धारावीच्या तेराव्या कंपाउंडपासून आपल्या नाक्यापर्यंत, हे काम बहुतेक ठिकाणी आपलीच माणसे करीत आली आहेत. पुण्यात 1993 साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. तिच्या सभासदांत मोठा भरणा महिलांचा आणि तोही दलित समाजातील महिलांचा आहे. 2008 साली त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था पुणे महानगरपालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करू लागली. कचराकुंडीत हात घालून वेचणे आणि दारात वेगळा केलेला कचरा हातात घेणे, यांत फार मोठा फरक आहे. पहिल्यात मिसळण्याची किंमत वेचणारी बाई मोजते, दुसऱ्यात ती घरमालक मोजतो, तीही दिवसाला दोन मिनिटे.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली सर्व सभासदांना. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करावा. पुडा, बाटली धुऊन, निथळून द्यावी. दुसरी संस्थेला. जुनी बॅटरी परत घेणाऱ्या दुकानांची यादी करून फलकावर लावावी. वस्तीजवळ शिसे वितळवीत असतील तर केवळ तक्रार करून थांबू नये. त्या कुटुंबाला दुसरा उद्योग मिळवून देण्याचा प्रयत्न करावा आणि मुलांच्या रक्ताची शिशासाठी तपासणी करून घ्यावी. शाळांतून जेवणापूर्वी हात धुण्याची सवय लावावी. आहारात लोह आणि कॅल्शियम पुरेसे असल्यास शिसे शरीरात कमी शोषले जाते, हेही मातांना सांगावे.

तिसरी सूचना विद्यार्थ्यांना. आपल्या आजोबा-आजींनी हा व्यवसाय पोटासाठी केला. त्यांच्या बोटांना प्लॅस्टिकची पारख होती, पण त्यांना त्याचे सूत्र कोणी सांगितले नाही. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, ही दारे तुम्हालाही उघडी आहेत. तेथे बहुवारिके, विकरे, धातुशास्त्र शिका. जी वस्तू पुढे सहज वेगळी करता येईल अशी वस्तू बनवा. कारखाना काढलात तर गाळणी आधी बसवा आणि भट्टी मग पेटवा. कागद वेचणाऱ्या बाईची मुलगी उद्या त्या कारखान्याची रसायनतज्ज्ञ झाली, तर एक वर्तुळ असेही आहे की जे तिने मोडले, याचा आम्हाला अधिक आनंद होईल.

बादली येथेच ठेवून जात आहोत. कार्यक्रम संपल्यावर विद्यार्थ्यांनी पुढे येऊन प्रयोग स्वतः करून पाहावा. 

जयभीम.