नुसती माया पुरत नाही

(हिंसाग्रस्त स्त्रियांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



‘आधार देणाऱ्यांचं प्रशिक्षण’ या विषयावर मी बोलणार आहे असं कळल्यावर आमच्याकडच्या एक जुन्या कार्यकर्त्या म्हणाल्या, “आम्हाला कुणी शिकवलं होतं गं? बाई रडत आली की आम्ही पायात चपला सरकवून तिच्याबरोबर चौकीवर जायचो.” त्यांचं म्हणणं खरंच आहे. मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, त्यानंतर रस्त्यावर उतरलेल्या बायकांकडे कुठल्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नव्हतं. १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला, ४९८-अ कलम आलं, ते त्यांच्या रेट्यामुळे. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात बसून बाईची बाजू घेणारी समाजकार्यकर्ती ही कल्पनाच तेव्हा नवी होती. आपण सगळ्या या वारशावर उभ्या आहोत. म्हणून प्रशिक्षण हवं असं मी म्हणते तेव्हा त्यांना अडाणी ठरवण्याचा माझा हेतू नाही, हे आधीच सांगते.

पण पदवी घेऊन आलेली मी सुरुवातीला काय करत होते, तेही ऐका.

एमएसडब्ल्यू होऊन मी एका समुपदेशन केंद्रात लागले. पहिल्याच वर्षी एक ताई आल्या. लग्नाला अकरा वर्षं झालेली, दोन मुलं, मनगटावर चटक्याची खूण. मी पहिला प्रश्न विचारला, “इतकी वर्षं कुणाला बोलला का नाहीत?” त्यांनी मान खाली घातली. पुढे आठ दिवसांनी मी नवऱ्याला बोलावलं आणि दोघांना समोरासमोर बसवलं. केसवर्कच्या तासाला शिकल्याप्रमाणे दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. तो म्हणाला, जेवण वेळेवर मिळत नाही, उलट उत्तरं देते. मी ते नोंदवहीत लिहून घेतलं. ताईंनी सगळ्याला ‘हो’ म्हटलं. दोघांच्या सह्या झाल्या. मला वाटलं, संसार वाचवला.

ताई परत आल्या त्या सहा महिन्यांनी, हात गळ्यात बांधलेला. म्हणाल्या, “त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी दार लावलं आणि विचारलं, आणखी कुणाकुणाला सांगितलंस? ताई, तुम्ही पण तेच विचारलंत, जे माझी सासू विचारते.”

माया मला कमी नव्हती. पदवीही होती. तरी माझ्यामुळे त्या बाईला मार बसला. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर बसून बाई मोकळं बोलू शकत नाही, ही साधी गोष्ट मला उमगली नव्हती. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली न्यायालयाच्या आदेशाने समुपदेशन होतं तेव्हा पुरुषाला हिंसेचं समर्थन करू द्यायचं नाही आणि हे त्याला आधीच बजावायचं, असं २००६ च्या नियमांतला चौदावा नियम सांगतो. आमचं समुपदेशन न्यायालयाच्या आदेशाने नव्हतं, पण तत्त्व तेच. मी तो नियम तोवर वाचलाही नव्हता. म्हणून प्रशिक्षण हवं म्हणणं पुरत नाही, कशाचं प्रशिक्षण हेही विचारायला हवं. ‘तटस्थ राहा, कुटुंब टिकवा’ एवढंच शिकवणारं प्रशिक्षण नसलेलं बरं.

मग काय शिकायचं? माझ्या अनुभवातून जे महत्त्वाचं वाटतं, ते सांगते.

पहिलं, जोखीम ओळखणं. मारहाण अलीकडे वाढली आहे का? गळा दाबला होता का? ठार मारण्याची धमकी दिली आहे का? घरात हत्यार आहे का? ती गरोदर आहे का? गळा दाबलेल्या बाईच्या अंगावर बरेचदा वळ दिसत नाही, म्हणून आपण ते किरकोळ समजतो. खरं तर तो जिवावरचा इशारा असतो. परत घरी जायचं तिने ठरवलं, तर रागवायचं नाही. रेशनकार्ड, आधार, मुलांचे जन्मदाखले, पासबुक कुणाकडे ठेवता येईल, रात्री कुठल्या शेजारणीचं दार वाजवता येईल, हे तिच्याबरोबर बसून ठरवायचं.

दुसरं, कायद्याची नेमकी माहिती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुनं ४९८-अ आता ८५ वं कलम आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, पोलिसांना तो नोंदवून घ्यावा लागतो. बलात्कारित स्त्रीवर सरकारी असो की खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत उपचार केलेच पाहिजेत, नाही केले तर तो गुन्हा आहे. ‘दोन बोटांची तपासणी’ सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये चुकीची ठरवली आहे. हे पाठ असलेली कार्यकर्ती शेजारी उभी असली, की टेबलापलीकडचा माणूस वेगळं बोलतो.

इथे जातीबद्दलही बोलायला हवं. जात विचारायला आपल्यातल्या कित्येकींना संकोच वाटतो. पण दलित किंवा आदिवासी बाईवर इतर जातीच्या माणसाने अत्याचार केला असेल, तर १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा लागू होऊ शकतो, आणि त्याचा तपास उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो. आपल्या संकोचापायी तो हक्क तिच्या हातून जातो.

तिसरं, शब्द देताना सांभाळणं. पंधरा वर्षांची मुलगी म्हणते, “कुणाला सांगू नका.” आपण पटकन म्हणतो, “नाही सांगणार.” पण २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर ते पोलिसांना कळवणं आपल्याला बंधनकारक आहे. म्हणजे आपण तिला दिलेला शब्द मोडणार, आणि तेही तिचा सगळ्यांवरचा विश्वास उडालेला असताना. तिने बोलायला सुरुवात करण्याआधीच हे तिला समजेल अशा भाषेत सांगायला हवं. ते कसं सांगायचं, याचा सराव करावा लागतो. आम्ही आपापसात भूमिका घेऊन तो करतो, आणि दर वेळी कुणीतरी अडखळतंच.

चौथं, नोंदी. बाईचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहा. ‘किरकोळ भांडण’ असं आपण लिहिलेलं उद्या कोर्टात तिच्याविरुद्ध वाचलं जाईल. आणि ते कागद कुलपात ठेवा.

पाचवं आपल्याविषयी. दिवसभर हे ऐकून रात्री झोप लागत नाही, घरी मुलांवर ओरडणं होतं. याला आपण कमकुवतपणा म्हणतो आणि लपवतो. अनुभवी मैत्रिणीसमोर बसून महिन्यातून एकदा तरी आपलं काम मांडता आलं पाहिजे, चुकलेलंसुद्धा. बहुतेक केंद्रांत हे नसतंच. अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर, थकलेल्या पगारावर मुली काम करतात. जरा शिकल्या, की सोडून जातात. दोन दिवसांचं शिबिर घेऊन, फोटो काढून ‘प्रशिक्षण झालं’ असा अहवाल पाठवण्याने हे सुटणार नाही. नियमित पगार, वर्षातून पुन्हापुन्हा प्रशिक्षण आणि पाठीशी अनुभवी माणूस, ही मागणी आपण सरकारकडे आणि आपल्या संस्थांकडेही केली पाहिजे.

शेवटी एक धोका. शिकता शिकता आपण ‘तज्ज्ञ’ होतो आणि बाई ‘केस’ होते. हे टाळायचं, तर शिकवणाऱ्यांत त्या बायका हव्यात ज्या यातून गेल्या आहेत. माझ्या त्या ताई आता वेगळ्या राहतात, शिवणकाम करतात. त्यांना मी आमच्या नव्या मुलींशी बोलायला बोलावलं. मुलींनी विचारलं, “आम्ही पहिला प्रश्न कोणता विचारावा?” त्या म्हणाल्या, “आज रात्री झोपणार कुठे, ते विचारा. बाकीचं मग.”

आता आपण गटात बसू. प्रत्येकीने आपली एक चूक सांगायची आहे. माझी मी सांगितली.