सही राहिली आणि मत गेलं

गटाच्या बैठकीत आम्ही विचारलं, "मच्छीमार सोसायटीत सभासद कोण कोण?" तीनच हात वर झाले. बाकीच्या म्हणाल्या, "ताई, आमच्या ह्यांचं नाव आहे ना!" नाव ह्यांचं, आणि पहाटे पाटी घेऊन बाजार गाठणाऱ्या आपण.

त्या तिघींतल्या एका काकींना मागे सोसायटीचं पत्र आलं. तुम्ही अक्रियाशील सभासद आहात, मतदान करता येणार नाही. काकी चिडल्या. "दर वर्षी सभेला असते मी!" खरंच असायच्या. पण कुठं? बाहेर पडवीत, चहाच्या पातेल्याजवळ. हजेरीची वही आत पुरुषांमध्ये फिरायची. बर्फ सोसायटीतूनच घ्यायच्या, पण पावती मुलाच्या नावाची. कागदावर काकी कुठंच नव्हत्या. बचत गटात एकेका सहीसाठी आम्ही सगळ्यांच्या मागे लागतो, आणि हे आमच्याही ध्यानात आलं नाही.

सहकार कायद्यात 2013 साली क्रियाशील सभासदाची अट आली. त्या अटीनुसार सलग पाच वर्षांत निदान एका सर्वसाधारण सभेला हजेरी लागायची, आणि उपविधीत लिहिलेली किमान सेवा सोसायटीकडून घेतलेली लागायची. बर्फ, डिझेल, जाळ्याचं सूत, मासळीची विक्री, यातलं काय आणि किती धरायचं ते सोसायटीच्या उपविधीत असायचं. अक्रियाशील ठरलं म्हणून नाव लगेच जात नव्हतं. अटी पूर्ण केल्या की पुन्हा क्रियाशील होता यायचं. काकींनी पुढच्या सभेत आत जाऊन पहिल्या रांगेत बसून सही केली. बर्फाची पावती आता स्वतःच्या नावाची घेतात. पुढच्या यादीत नाव आलं.

आणखी एक. काहींना "नाममात्र सभासद" करून घेतात. त्याला ना मत, ना नफ्यात वाटा. पावतीवर तो शब्द दिसला तर विचारा.

नवीन सभासद व्हायचं तर उपविधीतली पात्रता बघून अर्ज आणि शेअरची रक्कम द्यायची, आणि अर्जाची पोच घ्यायची. पोच का? तीन महिन्यांत सोसायटीनं निर्णय कळवला नाही तर कायद्यानं तुम्ही सभासद झालात असं धरतात. तारीख दाखवायला कागद नको का? नकार आला तर दोन महिन्यांत निबंधकाकडे अपील करता येतं. अर्जच घेत नसतील तर तोही निबंधकामार्फत देता येतो.

हा खटाटोप कशाला, असं एकीनं विचारलं. अहो, सुकी मासळी वाळवायचा ओटा आधी की नवा बर्फाचा डबा आधी, हे तिथं ठरतं. संचालक मंडळात बायकांसाठी दोन जागा राखीव आहेत.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत होते, चौदा दिवस आधी नोटीस निघते. आमच्याकडे सभेची वेळ सकाळी अकराची असते, नेमकी बाजाराची. यंदा दुपारी तीनला ठेवा, असं पत्र 28 जणींच्या सह्यांनी दिलंय. उत्तर अजून नाही. पोच मात्र फायलीत लावलेली आहे.