काचेचे पाणी



भिलाई म्हटले की भट्ट्या, रूळ आणि पोलाद हीच डोळ्यांपुढे उभी राहतात. सोव्हिएत संघाशी 1955 च्या फेब्रुवारीत करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टरांची वसाहत उभी राहिली आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे तेथे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. परंतु आज मला बोलावयाचे आहे ते पोलादाविषयी नव्हे, काचेविषयी. आणि तेही एका जुन्या मोटारीच्या दाराच्या काचेविषयी.

सेक्टर 10 मध्ये आमचे एक वडीलधारे स्नेही राहतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्याकडे 1968 सालची अँबॅसिडर आहे. बंगालमधील उत्तरपारा येथे ही गाडी तयार होत असे. 2014 साली ते उत्पादन थांबले. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी रस्त्यावरचा एक दगड उडाला आणि काकांच्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराची काच फुटली. बाजारात तशी काच मिळेना. तेव्हा कोणीतरी सुचविले, की खिडक्यांना काचा बसविणाऱ्याकडून साधी काच कापून घ्यावी. तासाभरात काम होईल आणि खर्चही थोडा. सल्ला सोयीचा होता. पण त्याच दाराशी काकांचा सहा वर्षांचा नातू बसत असे, आणि काका विचारात पडले.

साधी काच आणि मोटारीची काच यांत दिसावयास काहीच फरक नसतो. फरक आहे तो पाण्याचा. आपला लोहार कोयत्याला पाणी देतो, म्हणजे तापलेले लोखंड एकदम थंड करून त्याच्या अंगी कठीणपणा आणतो. मोटारीच्या दाराच्या काचेलाही असेच पाणी दिलेले असते. मात्र ते वाऱ्याचे. काच सहाशे अंशांहून अधिक तापवितात आणि तिच्या दोन्ही अंगांवर थंड हवेचे जोरदार झोत सोडतात. पृष्ठभाग आधी थिजतो, गाभा मागाहून आकसतो. त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. अशी काच साध्या काचेच्या चौपट-पाचपट मार सोसते. आणि फुटलीच, तर तो कोंडलेला ताण एकदम मोकळा होऊन तिचे खडीसाखरेसारखे बोथट खडे होतात. साधी काच फुटते तेव्हा तिच्या सुऱ्या होतात. मुलाच्या गळ्याशी यांपैकी काय असावे, हा प्रश्न पैशाचा किंवा वेळेचा राहत नाही.

परंतु या काचेची एक अट आहे. पाणी दिल्यानंतर ती कापता येत नाही, घासून लहान करता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. हत्यार लागताच सगळी काच विस्कटते. म्हणून आकार, कडा आणि भोके हे सर्व आधीच ठरवावे लागते. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांप्रमाणे या दारांच्या काचा सपाट आहेत, ही येथे मोठीच सोय झाली. उजव्या दाराची शाबूत काच काढून पालथी घातली, की ती डाव्या दाराचा नमुना होते. काकांनी ती हार्डबोर्डवर आखली, तो नमुना दारात घालून वर-खाली सरकवून पाहिला आणि जेथे अडला तेथे कानसीने घासला. जाडीही मोजली, कारण काच जाड झाली तर चॅनलमध्ये अडकते आणि पातळ झाली तर खडखडते. मग तो नमुना काचेला पाणी देणाऱ्या कारखान्याकडे पाठविला.

काच येईपर्यंत दाराचे काम चालू होते. हँडल काढून आतला पुठ्ठा उतरविला, तेव्हा दाराच्या तळाशी काचेचे खडे आणि वर्षानुवर्षांची माती सापडली. काचेवरून ओघळणारे पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून तेथे बारीक छिद्रे असतात. ती बुजली होती आणि पत्रा गंजू लागला होता. खडे वेचले, छिद्रे मोकळी केली, गंज खरवडून रंग दिला, झिजलेली बीडिंग बदलली. काच वर-खाली करणाऱ्या यंत्राला वंगण दिले. हे न करता नवी काच बसविली असती, तर काच टिकली असती आणि दारच गेले असते.

कायद्याचीही बाजू आहे. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या मोटारीस ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळू शकते. त्यासाठी तिचा सांगाडा, शरीर आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. त्याचबरोबर, मोटारीची काच सुरक्षा-काच असावी आणि बाजूच्या काचांतून निदान पन्नास टक्के प्रकाश आत यावा, असेही मोटार-नियम सांगतात. म्हणजे कायदा जुनेपणाचा मान राखतो, परंतु जुनेपणाच्या नावाखाली धोका पत्करू देत नाही.

मला हा विवेक मोलाचा वाटतो. जुनी वस्तू सांभाळणे म्हणजे ती केवळ जुनी दिसेल अशी व्यवस्था करणे नव्हे. ती घडविणाऱ्याने जी काळजी घेतली होती, ती आपणही घेणे होय. काकांची काच पाच आठवड्यांनी आली. तोवर भर पावसात दाराला मेणकापड बांधलेले होते आणि नातू पुढच्या सीटवर बसण्यासाठी रोज हट्ट करीत होता. काकांनी त्याला बसू दिले नाही, आणि गाडीही बाहेर काढली नाही. साधी काच तासाभरात मिळाली असती, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पण काचेला पाणी द्यावयाचे ते बसविण्यापूर्वीच. मागाहून ते देता येत नाही.