मायक्रोफोनची निवड आणि उपयोग

मनुष्याच्या कानाला मनाची साथ असते. गजबजलेल्या लग्नमंडपांतही शेजारच्या माणसाचें बोलणें नीट ऐकूं येतें. कारण वाजंत्री, भांड्यांचा खणखणाट आणि मुलांची रडारड यांतून मन हवें तेवढेंच उचलतें आणि बाकीचें टाकून देतें. मायक्रोफोन हाही एक कानच. पण त्याला मन नाहीं. वक्त्याचा शब्द, डोक्यावरच्या पंख्याची घरघर, स्वयंपाकघरांतील कुकरची शिटी आणि समोरच्या भिंतीवरून परतलेला पडसाद, जें जें त्याच्यावर आदळेल तें तें तो इमानानें नोंदून घेतो. कानामागचें मन जी निवड करतें, ती येथें बोलणाऱ्यानें अगोदरच करून ठेवावी लागते. मायक्रोफोनची निवड आणि उपयोग यांचें सारें मर्म एवढ्यांत आहे.

१९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें तबकडीसाठीं घेतलें गेलें, तें मायक्रोफोनवर नव्हे, तर कर्ण्यापुढें. कर्ण्याला हळू आवाज पेलत नसे. १९२५ पासून विजेच्या साहाय्यानें ध्वनिमुद्रण सुरू झालें, तेव्हां कुठें मंद, जवळिकीचा स्वरही तबकडीवर उतरूं लागला. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. तेथील श्रोता सभेंत नसून आपल्या घरांत बसलेला. त्याच्याशीं व्यासपीठावरचा चढा सूर लावून बोलणें शोभणारें नव्हतें. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ सालीं प्रचारांत आला आणि बोलणाऱ्याचें घर हेंच केंद्र बनलें. मात्र नभोवाणीची पडसाद शोषणारी खोली कांहीं त्याबरोबर घरीं आली नाहीं. आजच्या शहरी सदनिकेंत फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या आणि खिडकीखालीं रहदारी असते. मायक्रोफोन घ्यावयाचा तो ही खोली डोळ्यांसमोर ठेवून.

बोलण्यासाठीं मुख्यतः दोन जातींचे मायक्रोफोन वापरतात. ‘डायनॅमिक’ जातींत ध्वनीनें पडदा हलतो व त्याला जोडलेलें तारेचें वेटोळें लोहचुंबकाच्या क्षेत्रांत हलून वीज उत्पन्न करतें. हा मायक्रोफोन दणकट व थोडा कमी संवेदनशील असतो. १९६६ सालचा शुअर एस.एम. ५८ याच जातीचा. दुसरी जात ‘कंडेन्सर’. त्यांत एक अतिशय पातळ पडदा धातूच्या पत्र्यालगत ताणलेला असतो. ई. सी. वेंट यांनीं १९१६ सालीं तो अमेरिकेंत सिद्ध केला. व्यावसायिक पद्धतीच्या कंडेन्सरला बहुधा ४८ व्होल्टची वीज बाहेरून पुरवावी लागते. तो आवाजाच्या बारीक छटा टिपतो, पण तितक्याच तत्परतेनें शेजारच्या घरांतील मिक्सरही टिपतो. म्हणून शांत, गाद्यागिरद्यांच्या खोलींत कंडेन्सर आणि रस्त्यालगतच्या फरशीच्या खोलींत डायनॅमिक, हा ढोबळ नियम ठेवावा. महागडा कंडेन्सर आणून उघड्या खोलींत मांडणें म्हणजे खोलीचे दोष अधिक स्पष्ट करून घेणें होय.

बोलणारा एकटाच असेल तर संगणकाला थेट जोडला जाणारा यू. एस. बी. मायक्रोफोन पुरेसा होतो. दोघांच्या संवादाला दोन मायक्रोफोन आणि ते जोडणारी छोटी पेटी, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, हें उत्तम. दोन मायक्रोफोनमधील अंतर प्रत्येकाच्या तोंडापासूनच्या अंतराच्या निदान तिप्पट असावें. घेतांना ‘कार्डिऑइड’ म्हणजे हृदयाकृति ग्रहणक्षेत्राचा मायक्रोफोन पाहावा. तो समोरचें ऐकतो आणि पाठीमागें जवळजवळ बहिरा असतो. यास्तव खिडकी त्याच्या पाठीशीं ठेवावी.

यापुढची गोष्ट अंतराची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. तोंड व मायक्रोफोन यांतील अंतर दुप्पट केलें कीं थेट येणाऱ्या आवाजाची पातळी सुमारें ६ डेसिबलनें उतरते. खोलीचा घुमार मात्र होता तेवढाच राहतो. त्यामुळें दूर बसलेला वक्ता विहिरींतून बोलल्यासारखा वाटतो. डायनॅमिक मायक्रोफोन चार ते आठ बोटांवर आणि कंडेन्सर वीतभर अंतरावर असावा. त्याहून जवळ गेल्यास खर्ज वाढून आवाज जड होतो.

जवळ बोलण्यांत आणखी एक अडचण आहे. मराठींत महाप्राण वर्ण विपुल. तोंडापुढें तळहात धरून ‘फणस’, ‘भाकरी’ म्हणून पाहिल्यास वाऱ्याचा झोत हाताला कळतो. तोच झोत पडद्यावर आदळून धप्प असा आवाज होतो. उपाय साधा आहे: मायक्रोफोन ओठांच्या नीट समोर न ठेवतां किंचित् बाजूस, ओठांच्या कोपऱ्याकडे रोखून ठेवावा. मध्यें भरतकामाच्या रिंगवर ताणलेलें पातळ कापडही चालतें.

खोलीसाठीं सतरंजी, जाड पडदे, पुस्तकांचें कपाट आणि वक्त्याच्या पाठीमागें टांगलेली गोधडी एवढ्यानेंही घुमार बराच कमी होतो. पंखा बंद करावा. आवाजाची उंच टोकें मापकावर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील असें पाहावें. मर्यादा ओलांडून फाटलेला आवाज पूर्ववत् होत नाहीं. प्रथम मिनिटभर चांचणी घ्यावी व ती हेडफोन लावून ऐकावी.

ही काटेकोर तयारी केवळ हौशीखातर नव्हे. घरांतील एखादी वृद्धा आपल्या माहेरची बोली, जुनीं पथ्यें, सणांच्या रीती सांगावयास बसते, ती पुन्हां त्याच उत्साहानें बसेलच असें नाहीं. मागचा एकसुरी सूंऽ आवाज नंतर पुष्कळसा काढतां येतो. पण शब्दाला चिकटलेला पडसाद पुरता काढणें फार कठीण. पुढें तिच्या नातवंडांना जें ऐकूं येईल, तें त्या दिवशीं मायक्रोफोन कोठें ठेवला होता यावर अवलंबून राहील. म्हणून आधीं खोली, मग अंतर, त्यानंतर हेडफोन आणि शेवटीं मायक्रोफोनची किंमत, या क्रमानें विचार व्हावा. या क्रमांतील पहिल्या दोन गोष्टींना फारसे पैसे पडत नाहींत; फक्त लक्ष द्यावें लागतें.