तोत्तोचानची चित्रं काढणारी चिहिरो

आज एका पुस्तकातल्या चित्रांबद्दल बोलायचं आहे. पुस्तक तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असणार: 'तोत्तोचान'. मराठीत नॅशनल बुक ट्रस्टने काढलेलं. तेत्सुको कुरोयानागी यांचं बालपण, आगगाडीच्या डब्यांत भरणारी ती शाळा, कोबायाशी सर... आणि मधूनमधून येणारी मुलांची चित्रं. पाण्यात विरघळत चालल्यासारखी, डोळ्यांच्या जागी बहुतेक वेळा दोन काळे ठिपके.

ही चित्रं चिहिरो इवासाकी यांची. आता गंमत बघा. 'तोत्तोचान' जपानमध्ये पुस्तक म्हणून आलं 1981 मध्ये आणि चिहिरो गेल्या 1974 मध्ये. म्हणजे ही गोष्ट त्यांनी कधी वाचलीच नाही. मग चित्रं आली कुठून?

उत्तरासाठी थोडं मागे जाऊया. चिहिरो यांचा जन्म 1918 चा, फुकुई प्रांतातल्या ताकेफूचा. वाढल्या तोक्योमध्ये. वडील लष्कराच्या बांधकाम खात्यात, आई शिक्षिका. घर खाऊनपिऊन सुखी. चौदाव्या वर्षी त्या ओकादा साबुरोसुके या नावाजलेल्या चित्रकाराकडे शिकायला लागल्या. पण चित्रकार होऊ द्यावं असं काही घरच्यांना वाटत नव्हतं. विसाव्या वर्षी, 1939 मध्ये, मनात नसताना त्यांचं लग्न लावून दिलं आणि त्या नवऱ्याबरोबर चीनमधल्या दालियानला गेल्या. ते लग्न रुजलंच नाही. 1941 मध्ये नवऱ्याने आत्महत्या केली आणि त्या परत आल्या.

सुलेखनही त्या शिकल्या. ब्रश कागदावर किती दाबायचा, कुठे उचलायचा, हा हात त्यांना तिथे बसला. आणखी एक गोष्ट, त्या डावखुऱ्या होत्या. अक्षरं उजव्या हाताने आणि चित्रं डाव्या हाताने!

मे 1945 मध्ये तोक्योवरच्या बॉम्बहल्ल्यात त्यांचं घर जळालं. त्या नागानो प्रांतात, आईच्या माहेरच्या भागात गेल्या. युद्ध संपलं, आणि आपण ज्या सुखात वाढलो त्याच्या पलीकडे काय चाललं होतं, हे त्यांना तिथे कळायला लागलं. 1946 मध्ये त्या कम्युनिस्ट पक्षात गेल्या आणि चित्रकार व्हायचं म्हणून एकट्या तोक्योला परतल्या. वर्तमानपत्रासाठी लिहायचं, रेखाटनं करायची, असं काम धरलं. वय सत्तावीस. माझ्याच वयाच्या आसपासचं, म्हणून हा आकडा माझ्या डोक्यात पक्का बसलाय.

1950 मध्ये त्यांनी झेनमेई मात्सुमोतो यांच्याशी लग्न केलं, या वेळी स्वतःच्या मनाने. ते त्यांच्याहून सात वर्षांनी लहान आणि तेव्हा वकिलीच्या तयारीत, म्हणजे घर चालणार चिहिरोंच्या ब्रशवर. 1951 मध्ये मुलगा झाला, ताकेशी. पैसा नाही, जागा नाही, म्हणून काही काळ बाळाला नागानोमध्ये आपल्या आईवडिलांकडे ठेवावं लागलं. पैसे जमले की त्या बाळाला भेटायला जायच्या. पुढे त्यांच्याबद्दल म्हणायचे की दहा महिन्यांचं बाळ आणि एक वर्षाचं बाळ यांतला फरक त्या समोर मूल नसतानाही काढू शकतात. मला वाटतं, ती नजर अशा दिवसांत तयार झाली असेल.

आता मुद्दा. त्या काळी जपानमध्ये रीत अशी होती, की चित्रकाराने चित्र द्यायचं, प्रकाशकाने एकदाच पैसे द्यायचे, आणि मूळ चित्र प्रकाशकाकडेच राहायचं. छापून झाल्यावर त्याचं काय झालं, कोण विचारतंय? मुलांच्या पुस्तकातली चित्रं म्हणजे काही 'खरी' कला नव्हे, अशीच समजूत. चिहिरोंनी इथे पाय रोवला. मूळ चित्र परत पाहिजे, आणि तेच चित्र पुन्हा छापलं तर त्याचा हक्क चित्रकाराचा. घर ज्याच्या कमाईवर चालतंय त्या माणसाने हे मागणं सोपं नसतं. पण त्या मागत राहिल्या, इतर चित्रकारांबरोबर मिळूनही मागत राहिल्या.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर छापलेलं पुस्तक म्हणजे बिल्ड आणि मूळ चित्र म्हणजे सोर्स. बिल्ड गेला तर पुन्हा करता येतो, सोर्स गेला की गेला. माझ्या नोकरीच्या करारात लिहिलंय की मी लिहिलेला कोड कंपनीचा. सही करताना मी त्यावर दोन मिनिटंही विचार केला नव्हता, आपल्यापैकी बहुतेक जण करत नाहीत. म्हणून चिहिरोंचा हा हट्ट मला त्यांच्या चित्रांइतकाच मोठा वाटतो.

काम शेवटपर्यंत चालू होतं. व्हिएतनाममध्ये बॉम्ब पडत होते, तेव्हा त्यांनी 'युद्धाच्या आगीतली मुलं' या अर्थाच्या नावाचं पुस्तक केलं. ते आलं 1973 मध्ये. त्यात फक्त मुलांचे चेहरे बोलतात. पुढच्याच वर्षी 8 ऑगस्टला यकृताच्या कर्करोगाने त्या गेल्या. वय 55.

मागे राहिली नऊ हजारांहून जास्त चित्रं. घरच्यांनी 1977 मध्ये तोक्योतल्या नेरिमा भागात, त्यांच्या राहत्या घराच्या जागेवर संग्रहालय उघडलं. चित्रपुस्तकांना वाहिलेलं जगातलं पहिलं संग्रहालय म्हणून ते ओळखलं जातं. 1997 मध्ये नागानोमधल्या आझुमिनोला दुसरं झालं, त्यांचे आईवडील जिथे शेती करत होते त्या मात्सुकावा गावात.

आणि आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. 1979 मध्ये कुरोयानागी यांची लेखमाला एका मासिकात सुरू झाली. त्या संग्रहालयात जायच्या आणि ताकेशींच्या मदतीने मजकुराला जुळेल असं चित्र शोधायच्या. मुलांचे इतके मूड तिथे होते की प्रत्येक वेळी काहीतरी सापडायचंच! तोत्तोचानसाठी एकही चित्र काढलेलं नव्हतं, तरी प्रत्येक चित्र तिचंच वाटतं. ती चित्रं प्रकाशकांच्या कपाटांत धूळ खात पडली असती किंवा रद्दीत गेली असती, तर आज आपल्या डोक्यात तोत्तोचानचा हा चेहराच नसता. कुरोयानागी पुढे त्या संग्रहालयाच्या संचालकही झाल्या.

तुमच्या ओळखीत कुणी चित्रं काढत असेल, मुखपृष्ठं करत असेल, तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. आणि काम देण्याआधी एवढं विचारायला सांगा: मूळ चित्र परत कधी मिळणार, आणि पुन्हा छापलं तर काय?

आजच्यापुरतं इतकंच. भेटूया पुढच्या भागात.