गेम अवघड आहे की माणसं?

हेडफोन लावलेत का? लोकलमध्ये किंवा एसटीत असाल तर लावाच, कारण आज मी जरा जास्त बोलणार आहे.

मागच्या भागानंतर एक व्हॉइस नोट आली. अकरावीतला मुलगा आहे. म्हणतो, "दादा, दोन आठवडे एकट्याने खेळलो, मस्त चाललं होतं. मग पहिल्यांदा डन्जनला गेलो. रस्ता चुकलो, दोनदा मेलो, आणि पार्टीने मला काढून टाकलं. शिव्या घातल्या त्या वेगळ्याच. मी गेमच उडवला फोनमधून. जिथली माणसं चांगली आहेत असा एखादा एमएमओ सांग ना."

ती नोट मी दोनदा ऐकली. एकदा उत्तर द्यायचं म्हणून. आणि दुसऱ्यांदा अशासाठी की मीही असं कुणाला तरी काढलेलं आहे.

इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, हॉस्टेल, रात्रीचे दोन वाजलेले. गेमचं नाव घेत नाही. बटण दाबलं की अनोळखी माणसांची पार्टी जुळवून देणारा होता, एवढं पुरे. आमचा टँक, म्हणजे सगळ्यांच्या पुढे जाऊन मार खाणारा गडी, प्रत्येक वळणावर थांबत होता. इकडे बघ, तिकडे बघ. मला सकाळी व्हायवा होती आणि आठवड्याचं बक्षीस घेऊनच झोपायचं होतं. कुणीतरी त्याला काढायचं मत टाकलं, मी 'हो' दाबलं. जाता जाता त्याची एक ओळ चॅटमध्ये आली. सॉरी, पहिलीच वेळ आहे. नंतर दुसरा टँक मिळेपर्यंत वीस मिनिटं आम्ही तिथेच उभे. म्हणजे घाई करून वेळही वाचला नाही.

आता पुढचं ऐका. काही वर्षांनी, नोकरी लागल्यावर, मी फायनल फँटसी फोर्टीन सुरू केला. आणि तिथे नवखा माणूस पार्टीत दिसला की मला आनंद व्हायला लागला! मी काही साधुसंत झालो नव्हतो. बोनस मिळत होता.

ही सिस्टिम नीट समजून घ्या, आजचं सगळं बोलणं तिच्याभोवतीच आहे. या गेममध्ये 'ड्यूटी रूलेट' नावाचा प्रकार आहे. तुमची लेव्हल कितीही असो, रोजचं बक्षीस हवं असेल तर रूलेट लावायची, आणि ती तुम्हाला कुठल्याही जुन्या डन्जनमध्ये नेऊन टाकते. लेव्हल १०० चा योद्धा असलात तरी सस्ताशा नावाच्या पहिल्यावहिल्या डन्जनमध्ये गेम तुम्हाला खाली ओढून १५-१६ लेव्हलचा करतो. त्यामुळे नव्या पोराला पार्टी मिळते आणि जुना माणूस एकट्यानेच सगळं कापत सुटू शकत नाही. वर पार्टीत कुणाची ती पहिलीच वेळ असेल तर सुरुवातीलाच स्क्रीनवर तसं येतं, आणि शेवटी सगळ्यांना जादा बक्षीस मिळतं. नवख्याच्या नावापुढे छोटं हिरवं रोपटं असतं. 'मी नवीन आहे हो' असं त्याला ओशाळून सांगावंच लागत नाही, गेमच सांगतो.

शेवटी एका जणाला शाबासकी देता येते. ती स्वतःच्या पार्टीतून सोबत आलेल्या मित्राला देता येत नाही, अनोळखी माणसालाच द्यावी लागते. हे ज्याने कुणी डिझाइन केलं त्याला माझा नमस्कार.

भारतात या गेमचा सर्व्हर नाही. डेटा सेंटर जपान, उत्तर अमेरिका, युरोप आणि ओशनियात. मी जपानच्या सर्व्हरवर खेळतो. पिंग असा की जमिनीवर लाल वर्तुळ दिसेपर्यंत मी आधीच त्यात भाजलेला असतो. जपानी मला ओ की ठो येत नाही. पण गेममध्ये ठरावीक वाक्यांचा शब्दकोश आहे. मी इंग्रजीतून वाक्य निवडतो, समोरच्याला ते जपानीत दिसतं. डन्जन सुरू होताना सगळे नमस्कार घालतात, संपल्यावर आभार मानतात. एकदा बॉसच्या मध्यात आमच्याकडची लाईट गेली. मोबाईलचा हॉटस्पॉट लावून परत येईपर्यंत चार-पाच मिनिटं गेली असतील. तिघेही थांबले होते. मी हीलर होतो, ही गोष्ट वेगळी. हीलरसाठी माणसं थांबतातच.

तर माझा मुद्दा असा. 'या गेमची कम्युनिटी टॉक्सिक, त्या गेमची गोड' असं आपण बोलतो, जणू काही दोन वेगळ्या गावची माणसं आहेत. माणसं बरीचशी तीच असतात. २०२१ च्या उन्हाळ्यात वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधून कितीतरी लोक फायनल फँटसीत आले. अ‍ॅसमनगोल्डसारखा मोठा स्ट्रीमरही आला. गर्दी इतकी झाली की डिसेंबरमध्ये कंपनीला काही काळ गेमची विक्रीच थांबवावी लागली. आदल्या महिन्यापर्यंत तिकडे एकमेकांवर खेकसणारी ही माणसं इकडे येऊन 'हॅलो, थँक यू' करायला लागली. फरक कशाचा? समोरच्या अनोळखी माणसाने चूक केली तर माझं किती जातं, आणि तो मला पुन्हा भेटणार आहे का. या दोन प्रश्नांची उत्तरं गेमचे नियम देतात.

लोक म्हणतात, गेम अवघड असला की माणसं चिडचिडी होतात. मला हे पटत नाही. जरा मागे जाऊ.

१९९९ च्या मार्चमध्ये एव्हरक्वेस्ट आला. आजच्या मानाने क्रूर गेम. मेलात तर एक्सपी जायचा, कधी कधी अख्खी लेव्हल खाली यायची. सगळं सामान प्रेतावर राहायचं, आणि ज्या राक्षसांनी मारलं त्यांच्यातूनच वाट काढत, जवळजवळ उघड्याने, ते परत आणायला जायचं. एकट्याने बहुतेक जागी काही होतच नसे. आता तुम्हाला वाटेल की तिथे रोज मारामाऱ्या होत असतील. व्हायच्याही. पण जुने खेळाडू आजही आठवण काढतात ती प्रेत आणायला मदत केलेल्या अनोळखी माणसांची. कारण साधं आहे. आज मी तुला मदत केली नाही तर उद्या माझं प्रेत कोण आणणार? आणि सर्व्हर छोटा, गावासारखा. नाव खराब झालं की गटात कुणी घेत नाही.

नोव्हेंबर २००४ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आला तो हेच सगळं सौम्य करून. मेलात की भूत बनून पळत या, एक्सपी जात नाही. तरी डन्जनला जायचं तर शहरात उभं राहून चॅटमध्ये ओरडून माणसं जमवावी लागत, मग चालत तिथवर जावं लागे. एकेकदा अर्धा तास त्यातच जाई. कंटाळवाणं होतं, कबूल. डिसेंबर २००९ च्या ३.३ पॅचमध्ये डन्जन फाइंडर आला. बटण दाबा, वेगवेगळ्या सर्व्हरवरची पाच माणसं जुळणार, थेट डन्जनच्या आत उतरणार. लोकांनी तो डोक्यावर घेतला, मीही घेतला असता. पण आता सोबतची माणसं दुसऱ्या सर्व्हरवरची, आयुष्यात पुन्हा भेटणार नाहीत. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या रिक्वेस्ट स्टेटलेस झाल्या. कुणी कसं वागलं हे कुठे साठतच नाही. वागा कसंही.

मग २०१६ मध्ये लिजन एक्स्पान्शनबरोबर मिथिक प्लस आलं. डन्जनला टायमर. वेळेत संपवलं तर तुमची 'की' वर चढते, नाही तर खाली येते. म्हणजे तुझ्या एका चुकीने माझी कमाई जाते. मग लोक काय करणार? रेडर डॉट आयओवरचा स्कोअर बघून माणूस घेणार. स्कोअर कमी तर नाही घेणार. आणि घेतलंच नाही तर स्कोअर वाढणार कसा? फ्रेशर म्हणून नोकरी शोधलेल्यांना हे दुःख वेगळं समजावून सांगायला नको. 'दोन वर्षांचा अनुभव हवा.' अरे बाबा, पण कुठून?

गंमत म्हणजे २०१९ च्या ऑगस्टमध्ये वॉरक्राफ्टने जुना गेम 'क्लासिक' म्हणून परत आणला, डन्जन फाइंडर नसलेला. लोक जुनी कम्युनिटी शोधायला धावले. थोडी सापडलीही. पण रॅगनरॉस, मोल्टन कोअरचा शेवटचा बॉस, जो मुळात २००५ च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा पडला होता, तो या वेळी पहिल्याच आठवड्यात पडला. लोक काही पंधरा वर्षांत हुशार झाले नव्हते. सगळ्या युक्त्या आधीच लिहून ठेवलेल्या होत्या. म्हणजे तेव्हाची निम्मी अडचण 'माहीत नसणं' ही होती. माहीत नसलं की माणूस माणसाला विचारतो. माहीत असलं की 'गाइड वाचून ये ना' म्हणतो.

ईव्ह ऑनलाइनचं तर विचारूच नका. २००३ पासून चालू. जहाज फुटलं की गेलं, परत नाही. इतर खेळाडूंना फसवणं नियमात बसतं. जानेवारी २०१४ मध्ये एका अवकाश-विभागाचं भाडं भरायचं राहून गेलं म्हणून बी-आर-फाइव्ह-आर-बी इथे जी लढाई पेटली, ती २१ तास चालली. ७५ टायटन जहाजं गेली, आणि नुकसानीचा अंदाज खऱ्या पैशांत तीन लाख डॉलरच्या आसपास. ऑटो-पे चालू ठेवा रे! पण याच दगाबाज गेममध्ये २००४ पासून ईव्ह युनिव्हर्सिटी आहे. खेळाडूंनीच काढलेली, नवख्यांना शिकवणारी संस्था. वर्ग भरतात, नवीन माणसाला हात धरून शिकवतात. कारण तिथे एकटा माणूस म्हणजे भक्ष्य. अवघडपणानेच माणसं जोडली.

ओल्ड स्कूल रुनस्केप वेगळ्याच वाटेचा. ऑगस्ट २००७ च्या बॅकअपवरून २०१३ मध्ये परत उभा केलेला गेम, आणि नवीन काय घालायचं ते खेळाडू मतदानाने ठरवतात. इथली अडचण हाताची कमी, चिकाटीची जास्त. एखादी स्किल ९९ ला न्यायची तर १,३०,३४,४३१ एक्सपी लागतो, आणि ९२ ला पोचलात म्हणजे फक्त निम्मं अंतर झालं! झाड तोडत बसायचं. शेजारी आणखी दहा जण तेच झाड तोडतात. तुझ्या चुकीने माझं काही जात नाही, तुझ्या हुशारीने काही मिळतही नाही. मग काय होतं, गप्पा होतात. बस स्टॉपवर होतात तशा. फक्त कुणी 'तुझे पैसे डबल करून देतो' म्हणाला तर हसून पुढे जायचं.

आता फायनल फँटसीचं एवढं कौतुक केलं, तर त्याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये मला सोडणार नाहीत. मुख्य कथा सोपी आहे, म्हणून गोडवा परवडतो. वर सॅव्हेज आणि अल्टिमेट नावाच्या लढाया आहेत. आठ माणसं, अल्टिमेट तर पंधरा-वीस मिनिटांची, आणि पुष्कळ ठिकाणी एकाचं पाऊल चुकलं की आठही जण गार. तिथल्या पार्ट्यांमध्ये जाऊन बघा. एकदा हरले की एक जण न बोलता निघून जातो, दुसऱ्यांदा हरले की पार्टी फुटते. तेच नमस्कार घालणारे लोक! तोंडावर कुणी शिवी देत नाही, कारण तक्रार झाली तर महागात पडतं, पण वातावरण थंडगार. मीसुद्धा तसाच उठून गेलोय. पाचव्या मिनिटाला मरणाऱ्या एका मुलाला समजावण्यापेक्षा नवीन पार्टी शोधणं सोपं होतं.

त्यामुळे बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. फोनवरच खेळायचं असेल तर ओल्ड स्कूल रुनस्केप घे. २०१८ पासून अख्खा गेम फोनवर आहे, तेच अकाउंट पीसीवरही चालतं, फुकटचा भागही मोठा आहे. इथे तुला घाई करणारं कुणी नाही. अल्बियन ऑनलाइनही फोनवर चालतो, पण त्याच्या ब्लॅक झोनमध्ये मेलास तर अंगावरचं सामान मारणाऱ्याला मिळतं. तिथे गिल्डशिवाय जाऊ नकोस. गिल्ड मात्र सहज मिळते, कारण त्यांनाही माणसं हवी असतात. घरात बरा पीसी असेल तर फायनल फँटसीची फ्री ट्रायल लाव. लेव्हल ७० पर्यंत पैसे लागत नाहीत, वेळेची मर्यादा नाही. ट्रायलमध्ये स्वतः पार्टी बनवता येत नाही, पण डन्जनसाठी ड्यूटी फाइंडर चालतो, आणि ते रोपटं नावापुढे असतंच. परीक्षा झाल्यावर लाव, नाहीतर तुझी आई मला फोन करेल.

आणि तू उडवलेला तो गेम. तू रस्ता चुकलास म्हणून तुला काढलं, आणि तुला वाटलं की आपण खराब खेळतो. तसं नाहीये. त्या पार्टीत तुझ्यासाठी थांबून कुणाला काही मिळणार नव्हतं, एवढंच. मी ज्याला काढलं त्यालाही हे सांगायचं होतं, पण त्याचं नाव आठवत नाही. तेव्हा वाचलंही नव्हतं.

बरं, साडेअकरा झालेत, रोजची रूलेट बाकी आहे माझी. तुमचे पहिल्या डन्जनचे किस्से व्हॉइस नोटवर पाठवा, एका मिनिटाच्या आत. आणि तुम्ही कुणाला काढलं असेल तर तेही पाठवा, नाव न सांगता चालेल. भेटू पुढच्या भागात.